अंगावरचं पांढरं



मराठीत 'कोड' हा मोठा चमत्कारिक शब्द आहे. मुलांचं कोड पुरवतात, जावयाचं कोडकौतुक करतात, आणि अंगावर पांढरे डाग उठले की त्यालाही कोडच म्हणतात. (आपल्यापैकी निम्मी मंडळी दिवसभर कचेरीत बसून लिहितात ते तिसरं.) पहिल्या अर्थाने हा शब्द मोठ्याने उच्चारतात. दुसऱ्या अर्थाने चारचौघांत सहसा उच्चारतच नाहीत. आवाज खाली येतो आणि "तिच्या अंगावर पांढरं आहे" असं म्हटलं जातं. काय पांढरं, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

माझ्या अंगावर पांढरं आहे. सोळाव्या वर्षी डाव्या कोपरावर पहिला डाग आला, आज माझं वय एकोणपन्नास. दोन्ही हात, मान, गुडघे आणि ओठांची डावी कड एवढा त्याचा विस्तार झाला आहे. हे लिहायचं कारण असं की योग आणि बौद्ध ध्यानाने मला माझ्या कातडीबरोबर राहता यायला लागलं असं मी कुणाला सांगितलं, की आपल्या पुरोगामी मित्रांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव येतो. "तूसुद्धा?" असा. त्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले काही मला मान्यही आहेत. पण उत्तर नीट द्यायला हवं, म्हणून हा लेख.

आधी वैद्यकीय भाग उरकते. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, त्या मरतात, तिथला रंग जातो. जगात साधारण शंभरात एकाला हे होतं. स्पर्शाने पसरत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही, कुणाच्या शापाने तर नाहीच. काही जणांना जोडीला थायरॉइडचा त्रास असतो, तो तपासून घ्यावा. कातडी जिथे घासते किंवा काचते, उदाहरणार्थ परकराच्या नाडीखाली, तिथे नवे डाग उठू शकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा कुष्ठरोग नव्हे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना मंदावते किंवा जाते, कोडाच्या डागावर ती पूर्ण शाबूत असते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एवढी साधी गोष्ट असूनही आपल्याकडे तिला 'श्वेतकुष्ठ' म्हणून ठेवलं आहे, आणि त्या एका नावाने किती मुलींची आयुष्यं नासली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. (खुद्द कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ सालापर्यंत शिल्लक होतं, हीही लाजेचीच गोष्ट.) गंमत अशी की १९७५ पासून 'फेअर अँड लव्हली' घराघरांत चोपडणारा हाच समाज. गोरेपणासाठी जीव टाकायचा, आणि कातडी आपणहून पांढरी झाली की दार लावून घ्यायचं. २०२० साली त्या क्रीमचं नाव बदललं. त्याच वर्षी टेक्ससमधल्या एका भारतीय वंशाच्या तरुणीने मोहीम चालवल्यावर विवाहजुळणीच्या एका मोठ्या संकेतस्थळाने वर्णाप्रमाणे स्थळं गाळायची सोय काढून टाकली. माणसांच्या डोक्यातली गाळणी मात्र कुठल्या मोहिमेने निघत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट २००६ साली आला. कोड असलेली डॉक्टर मुलगी होणाऱ्या सासरी भेटायला जाते, एवढीच गोष्ट. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा.

आता योगाकडे येते. मी योगवर्गात गेले ती आत्मशोधासाठी नव्हे, खांदा आखडला होता म्हणून. आमच्या गावातला वर्ग अय्यंगार पद्धतीचा, शिक्षिका साठीच्या अमेरिकन बाई, पुण्याला अनेकदा जाऊन शिकून आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की पुढच्या वेळी आखूड चड्डी आणि बिनबाह्यांचा सदरा घालून ये. जुलै महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्या घालणारी मी. मी कारण सांगितलं, बाह्या वर करून दाखवल्या. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "ठीक आहे, पण गुडघा दिसला नाही तर तू मांडी वर उचलली आहेस की नाही ते मला कळणार कसं?"

माझ्या गुडघ्याकडे कुणी गुडघा म्हणून पाहिल्याला बरीच वर्षं झाली होती.

बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली एक सिद्धान्त मांडला. बाईकडे सतत वस्तू म्हणून पाहिलं गेलं की हळूहळू तीही स्वतःकडे बाहेरून, प्रेक्षकासारखी पाहायला लागते. शरीर आतून जाणवायचं कमी होतं, शरीर दिसतं कसं याचीच राखण चालू राहते. मला हे वाचताना वेगळं काही समजावून घ्यावं लागलं नाही. खोलीत शिरल्यावर दिवा कुठल्या बाजूला आहे आणि आपली कुठली बाजू उजेडात येईल, याचा हिशेब मी सोळाव्या वर्षापासून करत आले. ताडासनात उभं राहिल्यावर मात्र प्रश्नच बदलतात. वजन टाचेवर आहे की चवड्यावर? डावी टाच हलकी का? आमच्या वर्गात आरसा नव्हता. दीड तास कुणी "कशी दिसतेस" हे विचारत नाही, "काय जाणवतंय" एवढंच विचारतात. हात खांद्यातून वर गेला की तो हात असतो, तिथे पांढरं आणि सावळं हे दोन पक्ष नसतात. आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षं हे केल्याने जो फरक पडला तो कुठल्याही उपदेशाने पडला नव्हता.

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण योगाचं आज जे झालंय त्याचं काय? मान्य. इथल्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर योग म्हणजे महागड्या पोशाखातली सडपातळ गोरी बाई. तिच्याकडे पाहून माझ्यासारखीला आणखी एक न्यूनगंड फुकट मिळतो. तिकडे २०१५ पासून २१ जूनचा सरकारी सोहळा, आणि त्यातला राष्ट्राभिमानाचा मसाला मला पचत नाही. पण म्हणून योग त्या लोकांना आंदण का द्यायचा? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते प्रयोगशाळेसकट. आसनांचा आणि प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजायचा त्यांचा ध्यास होता. हीही आपलीच परंपरा आहे.

आणि परंपरेशी भांडायचंच असेल तर मूळ ग्रंथापासून भांडू या. पतंजलीच्या साधनपादात चाळिसावं सूत्र आहे. शौच साधलं की साधकाला स्वतःच्याच अंगाची किळस वाटायला लागते आणि इतरांचा संसर्ग नकोसा होतो, असा त्याचा आशय. संन्याशाच्या दृष्टीने त्याला अर्थ असेल. पण जिला आधीच लोकांनी स्वतःच्या अंगाची किळस शिकवली आहे, तिने या सूत्राचं काय करायचं? मी ते बाजूला ठेवलं. त्याच ग्रंथाच्या समाधिपादातलं तेहतिसावं सूत्र घेतलं, ज्यात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांनी चित्त प्रसन्न होतं असं सांगितलं आहे. हे चारही शब्द बौद्धांच्या ब्रह्मविहारांत जसेच्या तसे आहेत. इथून मी त्या घरात शिरले.

तिथेही सगळं गोड नाही, हे आधीच सांगते. बौद्ध साधनेत देहाचे बत्तीस भाग मोजायची भावना आहे: केस, रोम, नखं, दात, त्वचा अशी सुरुवात. हेतू देहाचा मोह सुटावा हा. पण संयुत्त निकायात आणि विनयात वैशालीची एक हकीकत नोंदली आहे. बुद्धाने भिक्षूंना देहाच्या अशुभाची भावना सांगितली आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेला. परत येऊन पाहतो तो संघ विरळ झालेला. काही भिक्षूंना स्वतःच्या शरीराचा इतका तिटकारा आला होता की त्यांनी जीव दिला. त्यानंतर त्याने उरलेल्यांना एकत्र बोलावलं आणि श्वासाकडे लक्ष द्यायची साधना शिकवली. ही गोष्ट परंपरेने लपवली नाही याचं मला कौतुक वाटतं. माझ्या दृष्टीने तिचा अर्थ सरळ आहे. एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही. ज्याला देहाचा गर्व आहे त्याला अशुभभावना द्या, ज्याला देहाची शिसारी आहे त्याला श्वास द्या आणि मैत्री द्या.

याहून मोठी अडचण पुढे आहे. संघात प्रवेश घेणाऱ्याला काही प्रश्न विचारायचा नियम होता, त्यात पाच रोगांची नावं आहेत आणि त्यांतला एक 'किलास'. पालीचे अनुवादक त्याचा अर्थ वेगवेगळा करतात, पण संस्कृतात किलास म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. नियमाचं कारण विनयात दिलेलं आहे: त्या काळी मगधात हे रोग पसरले होते, जीवक वैद्य फक्त राजाचे आणि संघाचे उपचार करत असे, त्यामुळे लोक केवळ औषधासाठी चीवर घ्यायला लागले होते. कारण व्यावहारिक असलं तरी निष्कर्ष असा की त्या दारात मला कदाचित थांबवलं असतं. अंगुत्तर निकायात मल्लिका राणी बुद्धाला विचारते की काही स्त्रिया कुरूप का असतात, तर उत्तर मिळतं, मागल्या जन्मीच्या रागीटपणामुळे. हे उत्तर मला मान्य नाही. ते नाकारायला मला संकोचही वाटत नाही, कारण डॉ. आंबेडकरांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजचं दुःख समजावण्याची रीत साफ नाकारली आहे. धम्म घ्यायचा तो तपासून, हे आपल्याला त्यांनीच शिकवलं.

मग उरलं काय? पुष्कळ उरलं.

मॅसॅच्युसेट्समध्ये शेल्बर्नला गोएंका परंपरेचं विपश्यना केंद्र आहे. तिथे दहा दिवस राहिले. पहिले दिवस श्वास पाहायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत एकेका जागी लक्ष नेऊन तिथली संवेदना पाहायची. चांगली म्हणून धरायची नाही, वाईट म्हणून ढकलायची नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी माझं लक्ष डाव्या हातावरून उतरत होतं, खांदा, दंड, कोपर, मनगट. कुठे उष्णता, कुठे मुंग्या, कुठे काहीच नाही. आणि मनगटाशी पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं की वाटेत पांढरं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते मला कळलंच नव्हतं. परत वर गेले, मुद्दाम शोधत खाली आले. सीमा सापडली नाही. सापडणार कशी? संवेदना शाबूत असते हे मी वर लिहिलंच आहे, आणि औषधकंपनीतल्या नोकरीमुळे मला ते पाठही होतं. पण तेहतीस-चौतीस वर्षं जी रेघ माझ्या आयुष्याची मुख्य रेघ होती, ती आतून पाहिलं तर अस्तित्वातच नाही, हे कळणं वेगळं. सतिपट्ठान सुत्तात एक उपमा आहे. धान्याची पिशवी सोडून माणूस आतली धान्यं ओळखतो, हे साळीचे, हे मूग, हे तीळ. मुगाचा त्याला राग येत नाही. तशी नजर.

दुसरं उरलं ते मैत्रीभावना. बुद्धघोषाने पाचव्या शतकात लिहिलेल्या 'विशुद्धिमार्गा'त सांगितलं आहे की मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करायची, मग प्रिय माणूस, मग तटस्थ, मग वैरी. इथे एक मराठी धागा आहे तो आवर्जून सांगते. गोव्याच्या सांखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी १९१० साली पहिल्यांदा अमेरिकेत आले ते हार्वर्डला, याच विशुद्धिमार्गाच्या संपादनासाठी. हेन्री क्लार्क वॉरन यांनी अर्धवट टाकलेलं काम त्यांनी तपासून पुरं केलं. ग्रंथ छापून निघाला १९५० साली, धर्मानंदांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आपल्या आधी शंभर वर्षं एक मराठी माणूस याच किनाऱ्यावर उतरला तो हा ग्रंथ उराशी धरून, आणि आपण मैत्री शिकायला महागड्या शिबिरांना पैसे भरतो. असो.

टेक्सस विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये हेच मानसशास्त्राच्या भाषेत आणलं. स्वतः बौद्ध ध्यान करणाऱ्या या बाईंनी स्वकरुणेचे तीन भाग सांगितले: स्वतःशी मायेने वागणं, दुःख फक्त माझंच नाही तर माणूसपणाचा भाग आहे हे ओळखणं, आणि वेदना न फुगवता न दाबता पाहणं. २०१५ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. २२८ स्त्रिया, त्यांतल्या एका गटाने तीन आठवडे स्वकरुणेची ध्यानं ध्वनिमुद्रणावरून ऐकली. शरीराविषयीची नाराजी आणि लाज त्या गटात दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली, आणि तीन महिन्यांनीही फरक टिकून होता. हा प्रयोग कोड असलेल्यांवरचा नव्हे, त्यामुळे मी त्याचा जास्त बोभाटा करणार नाही. पण दिशा मला ओळखीची वाटते.

आता आक्षेप. "हे म्हणजे स्वतःचं कोडकौतुक," असं एका मित्राने मला ऐकवलं, आणि शब्द त्याने नकळत अगदी नेमका वापरला. कौतुकाला काहीतरी छान असावं लागतं. आरशासमोर उभं राहून "मी सुंदर आहे" म्हणणं हे कौतुक, आणि ते मला कधी जमलं नाही, कारण त्यातही परीक्षक तोच, निकाल तेवढा उलटा. कॅनडाची विनी हार्लो २०१४ पासून कोडासह मॉडेल म्हणून गाजली, २०२० साली कोड असलेली बार्बी निघाली. चांगलंच झालं. पण त्या वाटेने जायला आधी सुंदर असावं लागतं. करुणेला कसलीच अट नाही.

दुसरा आक्षेप औषधांचा. स्वतःला स्वीकारलंस तर उपचार कशाला? का नकोत? जुलै २०२२ मध्ये इथल्या अन्न व औषध प्रशासनाने कोडाचा रंग परत आणणाऱ्या पहिल्या मलमाला मान्यता दिली. चाचण्यांमध्ये चोवीस आठवड्यांनी चेहऱ्यावरचे डाग किमान पाऊण हिश्शाने भरून आले असे सुमारे ३० टक्के लोक होते. म्हणजे बाकीच्या ७० टक्क्यांचं तेवढं भागलं नाही. मी ओठाच्या कडेला ते लावते. थोडा रंग आला आहे, आला नसता तरी चाललं असतं, आणि हे वाक्य दहा वर्षांपूर्वी मला लिहिता आलं नसतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: प्रश्न समाजाचा आहे, तू मनाची मशागत करून समाजाला मोकळा सोडतेस. याचं उत्तर मला तर्काने देता येत नाही, घरातली गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला, तेविसाव्या वर्षी, मागच्या वर्षी ओठाशी डाग आला. पुण्यात राहते, नोकरी करते. येत्या डिसेंबरात माझ्या भाच्याचं लग्न आहे. बहिणीचा फोन आला. "ताई, रागावू नकोस, पण तू पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालशील का? तुला बघितलं की लोक हिचा डाग बघतील, आणि हिला स्थळं यायची आहेत." मी तिचं पूर्ण ऐकून घेतलं. तिची भीती खोटी नाही. जवळच्या नात्यात कोड असलं तर शक्यता थोडी वाढते हे खरं, आणि लोक हिशेब करणार हेही खरं. मल्लिका राणीचा आणखी एक संवाद आहे. स्वतःपेक्षा प्रिय कुणीच नाही, असं ती नवऱ्याला स्पष्ट सांगते. बुद्ध ते ऐकून म्हणतो की प्रत्येकाचं तसंच असतं, म्हणून कुणी कुणाला दुखवू नये. बहिणीचं बोलणं ऐकताना मला राग आला नाही, आणि हो म्हणावंसंही वाटलं नाही. पूर्वी या दोन्ही गोष्टी एकदम होत: आधी राग, मग मुकाट्याने बाह्या.

मी तिला म्हटलं, आधी पोरीला विचार. मी लपले तर लोकांना कळणार नाही, पण तिला कळेल, की मावशीलाही लपावं लागतं.

पोरीने मला स्वतःहून फोन केला. आता दर रविवारी करते, तिची सकाळ, माझी शनिवारची रात्र. पंधरा मिनिटं आम्ही दोघी गप्प बसतो, आधी श्वास, मग मैत्री, स्वतःपासून सुरुवात. मग ती मलमाच्या किमती विचारते आणि ऑफिसातल्या कुचक्या बाईचं नाव घेऊन विचारते, "मावशी, हिच्यासाठीपण म्हणायचं का गं?" मी सांगते, तिचा नंबर शेवटी आहे, घाई नाही.

ब्लाउज शिवायला टाकलाय, कोपराच्या वर संपणाऱ्या बाह्यांचा. बहिणीने अजून होकार दिलेला नाही, पण मागच्या फोनवर तिने कापडाचा रंग विचारला.